डावं झाकण

१

दुपारचं जेवण आटोपलं की मी विशाखाला लुगड्याच्या झोक्यात घालते, दाराला ओलं गोणपाट लावते आणि झोक्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून भुईवर आडवी होते. झोप काही लागत नाही. डोळा लागतोय असं वाटावं, तोवर अंगठा थांबलेला असतो आणि पोर चुळबुळ करू लागते. अकोल्याची उन्हाळ्यातली दुपार रात्रीहून मुकी असते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. अशा वेळी भिंतीपलीकडून आवाज आला तर तो ऐकावाच लागतो.

आमची खोली वामनराव वकिलांच्या बंगल्यामागं आहे, गाडी ठेवायच्या शेडला लागून. मधली भिंत एका विटेची, आणि वारा यावा म्हणून वरच्या अंगाला विटा गाळून जाळी ठेवलेली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत आम्ही छप्पन सालच्या दीक्षेनंतर सोडली, म्हणून लिहिते : श्रावण. वकीलसाहेबांची गाडी हेच चालवतात आणि हेच दुरुस्त करतात.

गाडी लढाईच्या आधीची, अमेरिकेतली. कुण्या जहागीरदाराच्या लिलावात वकीलसाहेबांना मिळाली. नाक लांबलचक, आणि समोर दिवेच नाहीत. म्हणजे आहेत, पण मडगार्डच्या पोटात. वर लोखंडी झाकण. बटण दाबलं की झाकण उलटून दिवा वर येतो, पुन्हा दाबलं की आत जातो. मूळची ती झाकणं हातानं उघडायची होती. आत, बसायच्या जागेसमोर, दोन्ही टोकांना दोन हँडलं होती. मधल्या कुठल्या शौकीन मालकानं ती काढून झाकणांना विजेच्या मोटर बसवल्या. हँडलं अजून गोणपाटात गुंडाळून डिक्कीत पडलेली आहेत.

मी ती झाकणं पहिल्यांदा उघडताना पाहिली तेव्हा मला दिवस गेले होते. बंगल्यावर भांडी घासणारी पार्बताबाई शेजारी उभी होती. तिनं मला हाताला धरून मागं ओढलं.

"निजलेलं जनावर डोये उघडते तसं दिसते," ती म्हणाली. "तू नको पाहू वो बाई."

मी हसले होते. सातवी पास झालेली बाई अशा गोष्टींना हसतेच.

२

चैत्रात डावं झाकण अडकायला लागलं. बटण दाबलं की आतून कर्रर्र आवाज यायचा, झाकण अर्ध्यावर येऊन थरथरायचं आणि थांबायचं. त्या आवाजानं विशाखा दचकून उठायची. ती सात महिन्यांची होती, आणि रात्री-दुपारी मिळून माझी झोप मुठीत मावेल एवढीच उरली होती. मी ह्यांच्यामागं लागले की ते एकदाचं दुरुस्त करा. वकीलसाहेबही लागले होते. वैशाखात अमरावतीला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं आणि वरातीला हीच गाडी जायची होती, दोन्ही दिवे उघडून.

मोटरमधलं एक दातेरी चाक झिजून गेलं होतं. असलं चाक इथं कुठं मिळणार? हे जुन्या शहरात कबाड्यांच्या दुकानांतून फिरले आणि टेबलफॅनची मान फिरवणारं एक पितळी चाक घेऊन आले. अमरावतीला चंद्रभान म्हणून ओळखीचा लेथवाला आहे, त्याच्याकडून फायबरचं एक कातून आणलं. दोन्ही चाकं सुपात ठेवून हे भुईवर बसले. एखाद्या घरी पाहुणे मुलगी पाहायला यावेत तसे आम्ही दोघं त्या सुपाकडे पाहत होतो.

हे म्हणाले, फायबरचं चाक मऊ. कुठं काही अडकलं तर आधी ते तुटेल, बाकीचं सगळं वाचेल. पितळी तुटायचं नाही, मग जे अडकलं असेल ते तुटेल. कारण मोटरला कळत नाही कुठं थांबायचं ते. पण पितळी टिकेल, पुन्हा पुन्हा उघडायला नको.

कोणतं नीट बसतं ते पाहायची त्यांची एक रीत आहे. मोटरमधल्या ज्या आट्यांच्या दांड्यावर चाक फिरतं त्याला नीळ फासायची, चाक लावून फिरवायचं. ज्या चाकाच्या दात्यांवर नीळ सगळीकडे सारखी उतरेल ते चाक खरं.

"नीळ संपली," हे म्हणाले. "काजय दे."

"विशाखाचं?"

"तुह्यं असंल तर तुह्यं दे."

माझं कुठलं असणार. काजळ एकच होतं, पोरीचं नाव ठेवायच्या आधी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी धरून मी पाडलेलं. तीट लावणं, दिष्ट काढणं हे आम्ही सोडलंय. काजळ मात्र डोळे थंड राहतात म्हणून घालते. (आणि एक ठिपका तळपायाला लावते. तो ह्यांना दिसत नाही.)

"माही माय म्हणे, एकाचं काजय दुसऱ्याच्या डोयात जाऊ देऊ नये," मी म्हणाले.

"लोखंडाले डोये येतात काय?" हे हसले, आणि डबी उघडून बोट भरून काजळ घेतलं.

फायबरच्या चाकावर ते ठिपक्याठिपक्यांनी उतरलं. पितळी चाकावर असं उतरलं, की एकेक दाता पापणीसारखा काळा दिसायला लागला.

"झालं," हे म्हणाले. "काजयानंच सांगतलं."

मीही हो म्हणाले. आवाज थांबला म्हणजे मला पुरे होतं.

३

पितळी चाक बसलं आणि कर्रर्र थांबलं. आता झाकण उघडताना नुसतं गुर्र व्हायचं, मांजर अंगावर येऊन बसल्यासारखं, आणि शेवटी हलकेच ठक्.

दोन-तीन दिवस गेले असतील. मी दुपारी झोक्याखाली पडले होते आणि पलीकडून गुर्र, ठक् असं आलं. मला वाटलं, हे शेडमध्ये आहेत. डोकं उचलून पाहिलं तर विशाखा जागी झालेली, झोक्यातून माझ्याकडे पाहत होती. म्हणजे आवाजानं उठली. मी पुटपुटत दोरी ओढली. ती निजली. पलीकडे गुर्र, ठक्.

संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले की दुपारचं तेवढं काम ठेवत नका जाऊ, पोर उठते. हे म्हणाले, दुपारी मी साहेबांना घेऊन कोर्टात होतो, टांग्यानं. गाडीची बॅटरी काढून ठेवली आहे, पाणी भरायचंय तिच्यात.

बॅटरी खरंच बाजेखाली होती. आमच्याच खोलीत.

मी मनाला समजावलं. पत्रा तापला की वाजतो, आमच्या शाळेच्या छपराचाही वाजायचा, चांदूर रेल्वेला. मालगाडी गेली तरी वाजायचा. लोखंड उन्हानं फुगतं हे तर पुस्तकातच होतं. फुगलं, ढिलं झालं, वाजलं. त्यात काय एवढं.

पण दुसऱ्या दुपारी मी निजले नाही. झोक्याजवळ बसून राहिले. पोरीनं डोळे उघडले, आणि मग पलीकडे आवाज झाला. आवाजानं ती उठली नव्हती. ती उठल्यावर आवाज झाला होता. तिनं डोळे मिटले, आवाज झाला. असं कितीदातरी झालं, आणि मी सगळ्या वेळा ऐकलं.

मग वैशाख लागता लागता एक दिवस आवाज आधी झाला.

गुर्र सुरू झालं तेव्हा पोर गाढ झोपेत होती. आणि तिच्या पापण्या वर जायला लागल्या. लेकरू उठताना कसं उठतं, कुरकुरतं, डोळे चोळतं, अर्धवट उघडून पुन्हा मिटतं. तसं काही नाही. दोन्ही पापण्या सारख्या चालीनं, न थांबता, वर गेल्या. ठक् झालं तेव्हा थांबल्या.

४

पार्बताबाई विशाखाला मांडीवर घेऊन बसली होती, बंगल्याच्या विहिरीजवळ. वकीलसाहेबांच्या पत्नी, वहिनीसाहेब, स्वतः पाणी शेंदून आमच्या घागरीत वरून ओततात, त्याची वाट पाहत मी उभी होते. पार्बताबाई पोरीच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली.

"शालू, हे लेकरू डोये मिचकत नाई का वो?"

मी म्हणाले, मिचकते की. आम्ही दोघी पाहत राहिलो. घागर भरून वाहायला लागली.

तिला घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टर भले होते, त्यांनी दिवा दाखवला, बोट फिरवलं, आणि नजर चांगली आहे असं सांगितलं. धूळ फार असते, बोरिकच्या पाण्यानं धुवा म्हणाले. डावी पापणी किंचित खाली आहे, ती वाढत्या वयात ठीक होईल. मला एवढं बरं वाटलं की येताना रस्त्यात बसून मी रडले. शिकलेल्या माणसानं सांगितलं होतं.

त्या दिवसापासून ती निजल्यावरही तिचा डावा डोळा अर्धा उघडा राहायला लागला.

पातळ फटीतून पांढरं दिसायचं. मी हातानं पापणी खाली करायची आणि हात काढला की ती पुन्हा तिथंच. एका दुपारी मी गोणपाट बाजूला सारून शेडमध्ये गेले. आत तेलाचा वास आणि काळोखी. गाडीचं उजवं झाकण बंद होतं. डावं अर्ध्यावर होतं.

मी त्याच्यावर तळवा ठेवून खाली दाबलं. पत्रा गरम असणार हे मी धरून चालले होते, एवढं ऊन. पण ते उन्हाचं गरम नव्हतं. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखं होतं. मी दाबलं तर खाली गेलं नाही. पितळेचं चाक, ते कुठलं ऐकतंय. मी आणखी जोर लावला आणि खोलीत विशाखा अशी किंचाळली की मी चुलीवर हात पडल्यासारखी मागं झाले.

पोरं किंचाळतातच. आई जवळ नसली की किंचाळतात.

तिची डावी पापणी लाल झाली होती.

५

त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील, किंवा चिडतील की आपण हे सगळं सोडलंय ना. बुद्धाच्या तसबिरीकडे हात करतील, तशी त्यांची सवय आहे. हे बिडी हातात घेऊन बसले, पेटवली नाही.

"सकायी मी बटण दाबतो," हे म्हणाले. "झाकण उघडत नाई. तू इले उठवली, का उघडते. मले वाटे, मोटर थंडी असंल."

"काहून नाई सांगतलं?"

"तू आधीच झोपत नाई, शालू."

पोर ह्यांच्या मांडीवर होती, ह्यांच्या बोटाशी खेळत, न मिचकावता.

मी म्हणाले, "थे पितळी काढा. तुटंल थे बसवा."

हे लगेच उठले. उजेड होता अजून. जाताना मी बजावलं की काजळ सगळं पुसून काढा, कणभर ठेवू नका, आणि ह्यांनी मान डोलावली. मी खोलीत पोरीला छातीशी धरून बसले. पलीकडे पान्ह्यांचे आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पत्र्याच्या डब्यात काहीतरी खळबळून धुतल्याचा आवाज. तेव्हाच विशाखाच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ती रडत नव्हती. नुसतं पाणी, धार लागल्यासारखं, गालावरून माझ्या दंडावर. मी पदरानं टिपलं. पदराला घासलेटाचा वास येत होता.

माझ्या पदराला नेहमीच घासलेटाचा वास येतो. मी स्टो पेटवते.

ह्यांनी फायबरचं चाक बसवलं, पितळी चाक घासलेटात धुऊन लख्ख करून आणलं आणि फळीवर ठेवलं. त्या रात्री विशाखा दोन्ही डोळे मिटून झोपली. सकाळी कुरकुरत, डोळे चोळत उठली. मी तिच्याकडे पाहत इतकी निवांत बसले की चुलीवरचा चहा आटून गेला. उरलेलं काजळ मी डबीसकट मोर्णा नदीत टाकून दिलं. पुलावरून. पाणी फारसं नव्हतंच, डबी चिखलात रुतून वर दिसत राहिली.

६

लग्नाच्या दिवशी हे सकाळीच गाडी घेऊन अमरावतीला गेले. गाडी गेल्यावर शेड मोठी वाटली आणि भिंत पातळ. पण दुपारी काही वाजलं नाही. मी झोपले. खूप दिवसांनी झोपले.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. तिकडे गोरज मुहूर्ताची वेळ झाली असणार, वरात निघाली असणार, असं मनात आलं. दिवा अजून लावायचा होता. विशाखा झोक्यात निजली होती. मी तिच्यावर वाकले, आणि तिच्या पापण्या वर जायला लागल्या.

सारख्या चालीनं. दोन्ही. भिंतीपलीकडे गाडी नव्हती, आवाज नव्हता, आणि पापण्या वर गेल्या आणि थांबल्या.

दार बंद होतं, त्यावर गोणपाट होतं. खोलीत उजेडाचा कवडसा नव्हता. तरी पोरीच्या बुबुळात उजेड होता. मी आणखी वाकले. काळ्यात बारीक बारीक दिवे डुलत होते, डोक्यावर धरलेले असावेत तसे. त्यांच्या मधून माणसं, फेटे बांधलेली, माझ्याकडे तोंड करून मागं मागं सरत होती. एक माणूस नाचत होता. एकानं पुढं होऊन वाकून थेट माझ्याकडे पाहिलं आणि हातातली झेंडूची माळ पुढं केली.

आणि कट्.

डाळीतला खडा दाताखाली यावा एवढाच आवाज. झोक्यातून आला. विशाखाची डावी पापणी खाली पडली. मिटली नाही, पडली.

७

हे दुसऱ्या दिवशी आले. गाडीच्या डाव्या झाकणावर मुंडासं बांधलं होतं. वरातीत कोणी हौशी माणसानं दिव्याला माळ घातली, ती झाकणात गुंतली, साहेबांनी आतून बटण दाबलं, आणि चाकाचे दाते गेले. चाक मऊ होतं म्हणून मोटर वाचली, असं हे सांगत होते. सांगता सांगता त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि थांबले.

तिचा डावा डोळा उघडत नव्हता. मी पापणी बोटानं वर करत होते, सोडली की पडत होती. उजव्या डोळ्यानं ती छान पाहत होती, हसतही होती.

चंद्रभाननं आणखी एक फायबरचं चाक कातून दिलं होतं. ह्यांनी ते सुपात ठेवलं. फळीवरचं पितळी चाक काढून त्याच्या शेजारी ठेवलं. मग हात मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत बसले. मला त्या माणसाची दया आली. दोन दिवस झोपला नव्हता.

"सांग," हे म्हणाले. "कोणतं बसवू?"

एक तुटणार होतं. एक कधीच तुटणार नव्हतं. मी दोन्हीकडे पाहिलं, आणि मला ह्यांचंच बोलणं आठवलं : मोटरला कळत नाही कुठं थांबायचं.

"पितळी बसवा," मी म्हणाले. "पण दोन्हीकडच्या मोटर काढा. डिक्कीतले हँडलं लावा."

वकीलसाहेबांना ह्यांनी काय सांगितलं मला ठाऊक नाही. मोटर जळाल्या असं सांगितलं असावं. तेही खूश झाले म्हणे, मूळच्या वस्तूची किंमत जास्त येते.

८

आता सकाळी पाणी भरायच्या आधी मी शेडमध्ये जाते. पुढच्या सीटवर बसते. आधी उजवं हँडल, मग डावं. सावकाश फिरवायचं असतं. आतल्या आत एकेक दाता पुढं सरतो तो बोटांना लागतो, आणि एका जागी जड होतं तिथं थांबायचं. थांबलं नाही तर पितळ काही माघार घेत नाही. कधीकधी हँडल उलटं येतं, अगदी हलकेच, काजळ घालताना विशाखा तोंड फिरवायची तसं. तेव्हा मी जोर करत नाही. नुसता हात ठेवून बसते, झालं हं, झालं, असं म्हणते, आणि मग ते फिरतं. खोलीत येते तेव्हा ती दोन्ही डोळे उघडे ठेवून माझी वाट पाहत असते. दुपारी निजवायच्या वेळी पुन्हा एक फेरी, संध्याकाळी पुन्हा. नंतर झोका, नंतर गोणपाट. अंगवळणी पडलं आहे. मधून मधून ती आपली आपण मिचकावतेसुद्धा, मी पाहिलंय. डॉक्टर म्हणालेच होते, वाढत्या वयात ठीक होईल.

काल ह्यांनी जेवताना सांगितलं की वकीलसाहेब गाडी विकत आहेत. नागपूरचे कोणी शेठ आहेत, जुन्या गाड्यांचे शौकीन. ह्यांनी भीत भीत विचारलं, शेठना ड्रायव्हर लागेल का, बायकोपोरासकट. साहेब म्हणाले, त्यांचा ड्रायव्हर आहे, तो सोबतच येतोय. उद्या सकाळी येणार.

"गाडी पायतील, जातील," मी म्हणाले. "लगेच थोडी नेतात."

हे भात चिवडत बसले होते.

"त्या शेठनं निरोप धाडला," हे म्हणाले. "दिव्याचे हँडलं मी सोता फिरवून पायतो म्हणे. कोणी हात लावून ठेवू नका."

विशाखा झोक्यात निजली आहे. दोन्ही डोळे मिटलेले आहेत. नवी वस्तू हाती आली की माणूस आधी जोर लावून पाहतो.